वाक्याचा कर्ता तपासा : आरोग्यसंवादासाठी इंटर्न घडवताना

"या गावातील महिला स्वतःच्या आरोग्याविषयी उदासीन असल्यामुळे तपासणीला येत नाहीत." इंटर्नच्या पहिल्या आठवड्याच्या अहवालात हे वाक्य, शब्द थोडे इकडेतिकडे करून, जवळजवळ प्रत्येक तुकडीत येते. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काहीच चुकलेले नसते. पण त्याच गावात थोडी चौकशी केली की कळते, तालुक्याला जाणारी एसटी सकाळी एकदाच आहे आणि परतीची गाडी संध्याकाळी. गरोदर मातांची तपासणी ज्या वारी ठेवली आहे त्याच दिवशी आठवडी बाजार भरतो. आणि निंदणीच्या दिवसांत एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. तपासणी आणि बाई यांच्यामध्ये इतके सगळे उभे असताना वाक्याने मात्र बाईलाच कर्ता करून तिच्यावर ठपका ठेवलेला असतो. हा कर्ता ओळखायला आणि दुरुस्त करायला शिकवणे हे इंटर्नच्या प्रशिक्षणातले मुख्य काम आहे, असे माझे मत गेल्या काही वर्षांत पक्के होत गेले आहे. योग्य शब्दांची यादी, पोस्टरचे रंग, सादरीकरण हे सगळे त्याच्यानंतर येते.

हे टिपण इंटर्नची जबाबदारी घेणाऱ्या वैद्यकीय अधिकारी, संस्थांचे समन्वयक आणि समाजकार्य महाविद्यालयांचे क्षेत्रकार्य-मार्गदर्शक यांच्यासाठी आहे. इंटर्न तीन वाटांनी येतात. काही एमबीबीएसनंतरच्या वर्षभराच्या आंतरवासितेतले काही आठवडे ग्रामीण केंद्रात काढायला येतात, काही एमएसडब्ल्यूचे असतात आणि अलीकडे पत्रकारितेचे विद्यार्थीही येऊ लागले आहेत. तिघांना एकत्र शिकवावे. डॉक्टरला आजार माहीत असतो, समाजकार्याच्या विद्यार्थ्याला घर कसे चालते ते माहीत असते आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला वाक्य लिहिता येते. एकेकट्याने केलेले काम हमखास लंगडे होते. खालची मांडणी सहा आठवड्यांची आहे. कमी दिवस हाती असतील तर पोस्टर गाळावे, पण पहिला आठवडा गाळू नये.

पहिला आठवडा : लोकांसाठी लिहायचे काही नाही

पहिले सहा दिवस इंटर्नने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात, औषधाच्या खिडकीशी आणि बाहेरच्या बाकावर बसून फक्त ऐकायचे आणि वहीत नोंद करायची. वहीत चार रकाने पुरतात : आलेल्या व्यक्तीला 'तू' म्हटले गेले की 'तुम्ही', बसायला स्टूल मिळाले की उभ्यानेच बोलणे झाले, डॉक्टर त्या व्यक्तीशी बोलले की सोबत आलेल्या पुरुषाशी, आणि शेवटी त्या व्यक्तीने स्वतःहून एखादा प्रश्न विचारला का. कर्मचाऱ्यांची नावे वहीत येता कामा नयेत. हा कुणावर पाळत ठेवण्याचा उद्योग नाही, हे इंटर्नला आणि केंद्रातल्या सर्वांना आधीच सांगून टाकावे.

शनिवारी वही उघडली की पहिला रकानाच पुरेसा बोलका असतो. शिक्षकाच्या पत्नीला "या मॅडम, बसा, काय होतंय?" असे विचारले गेलेले असते आणि तिच्यानंतर आलेल्या, वयाने तिच्याहून मोठ्या मजूर बाईला "काय गं, कितवा महिना?" असे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. सवय असते, आणि सवय म्हणूनच ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय कळत नाही. इथे इंटर्नला एकच नियम द्यावा : सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला 'तुम्ही'. एखादी म्हातारी स्वतः इंटर्नला "काय रे बाबा, कुठला तू?" असे विचारील. तो तिचा मान आणि तिची माया. त्याची परतफेड 'तू'ने करायची नसते.

या 'तुम्ही'चा आणखी एक उपयोग आहे. मराठीत एकवचनी क्रियापद लिंग उघड करते, त्यामुळे 'तू कधी आलास' की 'तू कधी आलीस' हे समोरच्याकडे बघून ठरवावे लागते आणि तृतीयपंथी व्यक्तीच्या बाबतीत तिथेच पहिली जखम होते. 'तुम्ही कधी आलात', 'गोळ्या घेता का', 'जेवलात का' या रूपांत तो प्रश्नच उरत नाही. केसपेपरवर नाव लिहिताना "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" एवढे विचारले की निम्मे काम होते. २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तींशी आरोग्यसेवेत भेदभाव करायला मनाई केली आहे, हे इंटर्नला जरूर सांगावे. पण खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला कायदा येतो तो या क्रियापदातूनच.

याच आठवड्यात, संध्याकाळी, दोन उदाहरणांवर चर्चा घ्यावी. जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून ज्या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्या घडवल्या, त्यांतल्या अनेक जणी निरक्षर आणि दलित कुटुंबांतल्या होत्या. गावात ज्यांचे बोलणे कुणी ऐकत नसे त्यांच्याच तोंडी आरोग्याचे ज्ञान आले, आणि ते गावाने मानले. दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने लोकांना दवाखाना कसा हवा असे विचारले, तेव्हा मोठ्या इमारतीची भीती वाटते असे उत्तर आले. म्हणून तिथला दवाखाना गावातल्या घरांसारखा, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा झाला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. याच दाम्पत्याने गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत केलेले सर्वेक्षण १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के जणींना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. हे दोन आकडे फळ्यावर लिहून शेजारी इंटर्नचे 'उदासीन' हे वाक्य लिहावे आणि काही वेळ कुणीच बोलू नये.

कर्ता बदलण्याचा सराव

दुसऱ्या आठवड्यात इंटर्नने स्वतःचीच वाक्ये दुरुस्त करायची. त्यासाठी मातामृत्यूंच्या अभ्यासातली 'तीन विलंबां'ची चौकट फार उपयोगी पडते : निर्णय घेण्यात झालेला उशीर, दवाखान्यापर्यंत पोचण्यात झालेला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळण्यात झालेला उशीर. "रुग्णास उशिरा आणले" हे वाक्य घेऊन तीनही ठिकाणी काय घडले ते शोधायला लावावे. निर्णय कुणाच्या हातात होता, १०८ ला फोन लागत होता का, गाडी नाल्यापर्यंत आली की घरापर्यंत, ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ होते का. शोध पुरा झाला की वाक्य आपोआप लांबते आणि त्यात दोन-तीन कर्ते येतात. अहवालात लांब वाक्य चालेल; खोटे चालणार नाही.

माझा आवडता सराव २०२१ च्या लसीकरणाचा आहे. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वर्षांच्या लोकांसाठी लस खुली झाली, तेव्हा आधी 'कोविन'वर ऑनलाइन नोंदणी करून वेळ मिळवणे भाग होते. पोर्टल सुरुवातीला इंग्रजीत होते. मराठीसह इतर भारतीय भाषा जूनमध्ये आल्या. शहरातले तरुण मोटारी घेऊन दूरच्या खेड्यांतल्या केंद्रांवर पोचले आणि त्याच खेड्यातली माणसे दारात उभी राहून बघत होती, हे अनेकांनी पाहिले आहे. इंटर्नला विचारावे : त्या गावाविषयी "लसीबाबत गैरसमज असल्याने प्रतिसाद कमी" असे लिहिले गेले असेल, तर त्यातला किती भाग गैरसमजाचा आणि किती भाग पोर्टलचा? गैरसमज खरोखरच होते, आणि ते नाकारायला शिकवणेही चूक ठरेल. मात्र वाट अडवणारी प्रत्येक गोष्ट 'गैरसमज' या एकाच पोत्यात भरायची सवय मोडली पाहिजे.

क्षयरोगातही हेच आहे. उपचार मध्येच थांबलेल्या माणसाला कागदोपत्री आणि तोंडीही 'डिफॉल्टर' म्हणायची पद्धत वर्षानुवर्षे होती. जणू बँकेचे कर्जच बुडवले. २०२४ च्या सुरुवातीला राज्यात क्षयरोगाच्या काही औषधांचा तुटवडा झाला होता. त्या आठवड्यांत गोळ्या चुकल्या त्या कुणाच्या कर्तेपणाने? 'उपचार खंडित झालेली व्यक्ती' हे लांबलचक वाटते, पण त्यात खंड कुणामुळे पडला हा प्रश्न उघडा राहतो. तसेच 'संशयित रुग्ण' या शब्दाला पोलीस ठाण्याचा वास आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या माणसाविषयी 'तपासणी व्हायची आहे' असे म्हटले तरी काम भागते.

एक धोका इथेच सांगून ठेवतो. हुशार इंटर्न दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी 'उदासीन' खोडून त्या जागी 'गरीब आणि अशिक्षित' असे लिहितो आणि आपण कर्ता दुरुस्त केला असे समजतो. हा तोच ठपका, थोडा सहानुभूतीत बुडवलेला. कारण लिहायचे तर ते गावात जाऊन खात्री केलेले असावे. एसटीची वेळ, सिस्टरचे रिक्त पद, औषधाचा साठा, अशा शब्दांत.

शब्द गोळा करणे

तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक इंटर्नने शंभर शब्दांची वही करायची, पुस्तकातून नव्हे, आशाताईंकडून आणि बायकांकडून. स्तनपानाला 'अंगावर पाजणे', श्वेतप्रदराला 'अंगावरून पांढरे जाणे', गरोदर राहण्याला 'दिवस जाणे', अपस्माराला कुठे 'आकडी', कुठे 'मिरगी', कुठे नुसते 'फिट', मधुमेहाला 'साखर', अतिसाराला 'हगवण' किंवा 'संडास लागणे'. पाळीला तर घराघरात वेगळा शब्द : 'अडचण', 'बाहेरची', 'कावळा शिवला'. शब्द वापरण्यापूर्वी तो ओळखता आला पाहिजे, म्हणून ही वही. पण ओळखलेला प्रत्येक शब्द पोस्टरवर घ्यायचा नसतो. 'कावळा शिवला' मध्ये विटाळाची कल्पना दडलेली आहे. ऐकताना तो समजून घ्यावा, बोलताना साधे 'पाळी' म्हणावे.

शब्द कसा घात करतो याचा एक नमुना म्हणजे 'पिशवी'. गर्भाशयाला सगळीकडे पिशवीच म्हणतात आणि शब्द सोपा, बोलीतला, म्हणून इंटर्नला तो आवडतो. आता ऐका : "पिशवी खराब झाली, दोन लेकरं झाली, आता तिचं काय काम?" पिशवी रिकामी झाली की टाकून देता येते, हे त्या शब्दातच आले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला, तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यामागे नवरा-बायकोला मिळून एक 'कोयता' धरून मजुरीचे पैसे आगाऊ देणारी उचलीची पद्धत, खाड्याचा दंड, फडावर नसलेली शौचालये, कर्करोगाची दाखवलेली भीती आणि खासगी दवाखान्यांचा फायदा अशी कितीतरी कारणे होती. एका शब्दाने हे घडले असे मी म्हणत नाही. पण तिथे जाणाऱ्या इंटर्नने 'पिशवी' म्हटल्यावर लगेच पुढचे वाक्य म्हणायला शिकले पाहिजे : पांढरे जाणे बहुतेक वेळा औषधाने बरे होते, शस्त्रक्रियेत पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाण्याच्या वयातले बदल एकदम अलीकडे येतात आणि हाडे लवकर ठिसूळ होतात, म्हणून शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या डॉक्टरांना, शक्यतो सरकारी रुग्णालयात, विचारून घ्या.

आजार आणि दिव्यांगत्व यांविषयीच्या शब्दांवर फार वेळ घालवू नये. एक दुपार पुरते. 'महारोगी' गेला, 'कुष्ठरोगी' अजून आहे, 'कुष्ठरोग झालेली व्यक्ती' बरे. 'मूकबधिर' ऐवजी 'कर्णबधिर', कारण ऐकू न येणारी व्यक्ती मुकी असतेच असे नाही. 'एड्सग्रस्त' हा शब्द वैद्यकीयदृष्ट्याही बहुधा चूक असतो, कारण एचआयव्हीची लागण झालेल्या आणि औषधे नियमित घेणाऱ्या माणसाला सहसा एड्स झालेला नसतो. 'दिव्यांग' हा शासकीय शब्द आहे. काहींना तो आवडतो, काहींना त्यातले 'दिव्य' खटकते आणि ते स्वतःला 'अपंग' म्हणवून घेणे पसंत करतात. समोरच्याला विचारावे आणि तो शब्द वापरावा.

मेळघाटात, गडचिरोलीच्या दक्षिण भागात किंवा नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात काम असेल तर आणखी एक गोष्ट. कोरकू ही मराठीची बोली नव्हे, ती मुंडा कुळातली भाषा आहे. गोंडी आणि माडिया द्राविडी कुळातल्या आहेत. "त्यांची मराठी कच्ची आहे" असे इंटर्न म्हणाला, की त्याला कोरकूत त्याचे पोट कुठे दुखते ते सांगायला लावावे. दुभाष्याचे काम बहुधा आशाताईंवर येते. त्यांच्या मानधनाचा काही भाग कामागणिक ठरतो आणि हे काम त्या हिशेबात नसते, म्हणून संस्थेने त्यांचा वेळ मोजून मोबदला द्यावा. बोलताना इंटर्नने बाईकडे बघावे, आशाताईंकडे नव्हे. आणि शाळेत जाणाऱ्या लेकराला आईच्या पाळीविषयी किंवा गर्भपाताविषयी दुभाषी करू नये, ते कितीही चटपटीत असले तरी.

संदेश, आणि तो परत ऐकणे

"समजलं का?" या प्रश्नाला महाराष्ट्रात एकच उत्तर आहे : "हो." म्हणून हा प्रश्न इंटर्नच्या तोंडून काढून टाकावा. त्याच्या जागी असे विचारावे : "मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी गेल्यावर सासूबाईंना तुम्ही हे कसं सांगाल?" परीक्षा सांगणाऱ्याची होते आहे हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे.

एका अंगणवाडीत माझ्या इंटर्नने ओआरएसचे प्रात्यक्षिक घेतले. एक पाकीट, एक लिटर उकळून गार केलेले पाणी, चोवीस तासांत संपवायचे, उरले तर फेकायचे. सगळे बरोबर सांगितले. परत सांगायला लावल्यावर एका आईने सांगितले, "तांब्याभर पाण्यात पुडी टाकायची." आम्ही तिचा तांब्या मागवला आणि लिटरच्या बाटलीतले पाणी त्यात ओतले. बाटलीत चांगले पाव लिटरभर पाणी उरले आणि तांब्या काठोकाठ भरला. म्हणजे तिच्या घरचे मिश्रण प्रमाणापेक्षा खारट झाले असते, आणि जुलाब होणाऱ्या बाळाला जास्त खारट पाणी घातक असते. दुसरी म्हणाली, आमच्याकडे छोटी पुडी आहे. ती २०० मिलिलिटरची, म्हणजे एका पेल्याची होती. त्या दिवशी पोस्टरवरचे 'एक लिटर' खोडून तिथे बाटलीचे चित्र आले, आणि पाकिटावरचा आकडा आधी वाचायचा ही सूचना त्याच्याही वर गेली. झिंकच्या गोळीचेही तसेच. ती १४ दिवस द्यायची असते, पण जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि गोळीही थांबते. "जुलाब थांबले तरी गोळी थांबवायची नाही, ती पुढच्या आजारासाठी आहे" हे वाक्य आयांनीच आम्हाला घडवून दिले.

लोहाच्या गोळ्यांविषयी इंटर्न हमखास खजूर, डाळिंब आणि सफरचंद यांचे चित्र काढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हा प्रश्न निम्म्याहून अधिक घरांतला आहे, आणि त्यातल्या बहुतेक घरांत डाळिंब आजारी माणसालाच मिळते. त्यापेक्षा गोळी का सुटते ते विचारावे. उत्तरे ठरलेली असतात : मळमळते, शौचाला काळे होते, आणि बाळ मोठे होऊन बाळंतपण अवघड जाईल अशी भीती. म्हणून संदेशात आधी काळ्या शौचाचे यावे, की ते गोळीमुळे होते आणि त्याने अपाय नाही; मग रात्री जेवणानंतर गोळी घेण्याचे; मग चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर ती घेऊ नये, हे. आहाराचे शेवटी, आणि तेही शेवगा, चवळीची पाने, हरभऱ्याचा पाला, अळीव अशा हाताशी असलेल्या वस्तूंत.

विदर्भात काम करणाऱ्यांनी सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचा, सराव स्वतंत्र घ्यावा. आई आणि वडील दोघेही वाहक (स्वतः आजारी नसलेले, पण आजार मुलांकडे जाऊ शकणारे) असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. हे वाक्य ऐकून एका जोडप्याने हिशेब केला होता : पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन ठणठणीत. त्यांचा हिशेब चुकला याचा दोष वाक्याचाच होता. तेव्हापासून इंटर्न दोन वाट्या आणि चार चिंचोके घेऊन जातो. प्रत्येक वाटीत एक काळा चिंचोका आणि एक घासून पांढरा केलेला. डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक उचलायचा, जोडी बघायची आणि चिंचोके परत वाटीत टाकायचे. परत टाकण्याची ती कृतीच सगळे सांगून जाते. पाच-सहा वेळा खेळल्यावर कुणीतरी म्हणतेच, "म्हणजे दर खेपेला पहिल्यापासून." या आजाराला एखाद्या जातीचे किंवा जमातीचे नाव चिकटू देऊ नये. विदर्भात तो आदिवासींमध्ये, अनुसूचित जातींमध्ये आणि इतर समाजांतही आढळतो, आणि नाव चिकटले की मुली तपासणी टाळतात, कारण लग्न मोडते.

जागा, वेळ आणि माध्यम

एका गावात आम्ही स्त्रियांची बैठक मारुतीच्या पारावर ठेवली होती. पन्नासेक बायका आल्या, इंटर्न खूश झाले. निघताना रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या सात-आठ जणी दिसल्या. त्या बैठकभर तिथेच होत्या. पाराजवळ यायचे नाही असे त्यांना कुणी म्हटले नव्हते, आणि म्हणायची गरजही नव्हती. जागा मी निवडली होती. तेव्हापासून इंटर्नने गावात गेल्यावर पहिल्यांदा नकाशा काढायचा : कोणती आळी कुठे, पाणी कुठे भरतात, पाळीच्या दिवसांत कोणत्या जागी जाता येत नाही, व्हीलचेअर कुठपर्यंत जाते. मोठ्या बैठकीऐवजी आळीआळीत लहान बैठका घ्याव्यात, वेळ जास्त लागला तरी.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांशी बोलायचे तर दसऱ्याच्या आधी, टोळ्या निघण्यापूर्वी, आणि मुकादम समोर नसताना. माता-बाल संरक्षण कार्ड आणि आधी केलेल्या तपासण्यांचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्यायला सांगणे हा त्या दिवशीचा सगळ्यात उपयोगी संदेश असतो, कारण कारखान्याच्या तालुक्यातल्या आशाताईंना ही बाई माहीत नसते.

व्हॉट्सअपवर संदेश पाठवताना चित्राखाली तोच मजकूर टंकून द्यावा. दृष्टिहीन व्यक्तीचे फोनवरचे वाचक सॉफ्टवेअर चित्रातली अक्षरे बहुधा वाचत नाही. दीड मिनिटाच्या आतला ध्वनिसंदेश, गावच्या बोलीत, निरक्षरांपर्यंत पोचतो. कर्णबधिर व्यक्तीशी बोलताना मास्क काढता येत असेल तर काढावा, तोंड उजेडाकडे ठेवावे आणि एका वेळी एकच गोष्ट सांगावी. औषधाच्या पाकिटावर १-०-१ लिहिण्यापेक्षा सूर्य आणि चंद्र काढावेत.

छायाचित्रांबाबत मी कडक आहे. कुपोषित बालकाच्या डोळ्यांवर काळी पट्टी ओढली की ओळख लपली असे शहरात वाटते. गावात मात्र झबल्यावरून आणि मागच्या भिंतीवरून घर ओळखतात. संमती घ्यायची तर छापलेले चित्र आधी दाखवून, ते कुठे लागणार ते सांगून, आणि नाही म्हटले तरी औषध-उपचारात काही फरक पडणार नाही हे स्पष्ट बोलून घ्यावी. एचआयव्हीच्या बाबतीत तर लेखी, समजून दिलेल्या संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायला २०१७ च्या कायद्यानेच मनाई आहे, आणि गटातल्या फोटोवर 'एआरटी केंद्र' (एचआयव्हीची औषधे मिळण्याचे ठिकाण) हा फलक दिसणे म्हणजेही उघड करणेच.

शेवटचे दोन आठवडे

इंटर्नने किती पोस्टर केले, किती बैठका घेतल्या, यावर गुण देऊ नयेत. तसे केले की पोस्टर आणि बैठकाच वाढतात. मी तीन गोष्टी मागतो. पहिल्या आठवड्यातली दहा वाक्ये आणि सहाव्या आठवड्यात दुरुस्त केलेली तीच दहा वाक्ये, प्रत्येक दुरुस्तीमागे गावातली कोणती माहिती आहे त्यासह. एक संदेश, जो किमान पाच ऐकणाऱ्यांनी परत सांगितला आणि त्यामुळे बदलला, त्याच्या सर्व आवृत्त्यांसह. आणि एक पान, ज्यावर आपण ज्यांच्यापर्यंत पोचलो नाही त्यांची नोंद आहे. तिसरे पान कोरे आले तर काम झालेले नाही असे समजावे.

तयार साहित्य आशाताई, त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक आणि उपकेंद्राच्या सिस्टर यांना वाचून दाखवून, त्यांनी खोडलेले खोडून, मगच भिंतीवर जावे. प्रत्येक कागदाच्या तळाशी तारीख आणि तो बदलण्याची जबाबदारी कोणत्या पदावर आहे ते लिहावे. क्षयरुग्णांना पोषणासाठी मिळणारी दरमहा रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली, तरी ५०० चे कागद अजून कितीतरी भिंतींवर आहेत, आणि ते वाचून कमी पैशांवर गप्प बसणारा माणूस तक्रार करायला येत नाही. म्हणून इंटर्नच्या शेवटच्या दिवशी नवे काही लावायचे नसते. केंद्राच्या, अंगणवाडीच्या आणि शाळेच्या भिंतींवरचे जुने कागद वाचून, चुकीचे झालेले काढून आणायचे असतात.